सामान्य नागरिकांचा धोरणप्रभाव आणि धनिकांचा नकाराधिकार : अमेरिकेतील एका अभ्यासाच्या आधारे विवेचन

प्रास्ताविक

प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या लोकशाहीत प्रत्येक नागरिकाच्या मताचे मूल्य समान असते, हे राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे पहिले गृहीत होय. कारखान्याचा मालक आणि त्याच कारखान्याच्या फाटकावरील पहारेकरी मतदानाच्या दिवशी एकाच रांगेत उभे राहतात व दोघांच्याही बोटाला सारखीच शाई लागते. मात्र हा दिवस काही वर्षांतून एकदा येतो. करांचे दर, औषधांच्या किमती, किमान वेतन, जमिनीचे संपादन यांविषयीचे निर्णय उरलेल्या दिवसांत होत असतात. त्या उरलेल्या दिवसांत या दोघांचे वजन सारखे राहते काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला होता. हा इशारा आपल्या व्याख्यानांतून व परिसंवादांतून वारंवार उद्धृत होतो. परंतु ही विसंगती मोजता येईल काय, असा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच उपस्थित केला जातो.

अमेरिकेत तो उपस्थित केला गेला आणि त्याचे उत्तर आकड्यांत देण्याचा प्रयत्नही झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे मार्टिन गिलेन्स आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे बेंजामिन पेज यांचा याविषयीचा शोधनिबंध सप्टेंबर २०१४ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ज ऑन पॉलिटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी त्याचा 'अमेरिकेत आता लोकशाही नसून मूठभरांची सत्ता आहे' असा मथळा केला. मूळ निबंधातील प्रतिपादन याहून संयत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक अस्वस्थ करणारे आहे. त्या अभ्यासाची पद्धती, त्यावरील आक्षेप आणि त्यातून हाती लागणारी दृष्टी यांचे विवेचन येथे करावयाचे आहे. त्या आकड्यांचे प्रस्तुत लेखकाचे वाचन असे की, धनिकांचा व कंपन्यांचा प्रभाव त्यांना हवे ते घडवून आणण्यात दिसतो त्याहून अधिक, नको ते घडू न देण्यात दिसतो.

चार सिद्धान्त

लोकशाहीत सत्ता प्रत्यक्षात कोणाच्या हाती असते, याविषयी विसाव्या शतकात बरीच सैद्धान्तिक चर्चा झाली. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार निवडणूक जिंकू पाहणारे पक्ष मध्यावरील मतदाराकडे खेचले जातात. म्हणून धोरणेही त्याच्या पसंतीच्या जवळ जातात. सी. राइट मिल्स यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, उद्योग, लष्कर व शासन यांच्या शिखरावरील अभिजन वर्गाकडे बोट दाखविले होते. रॉबर्ट डाल यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहराच्या अभ्यासावरून सत्ता अनेक गटांत विभागलेली असते असे प्रतिपादन केले. शॅटश्नायडर यांनी १९६० मध्येच अशा गटांच्या मैफलीत वरच्या वर्गाचाच सूर मोठा असतो, या आशयाची टीका केली होती.

गिलेन्स व पेज यांनी या चर्चेची मांडणी चार सिद्धान्तांत केली : बहुमताधिष्ठित निर्वाचन लोकशाही, आर्थिक अभिजनांचे वर्चस्व, बहुमताभिमुख बहुसत्तावाद आणि पक्षपाती बहुसत्तावाद. यांतील शेवटच्या दोहोंत फरक एवढाच की, पहिल्यात हितसंबंधी गट एकत्रितपणे सामान्य जनतेची इच्छा पुढे नेतात, तर दुसऱ्यात त्यांचा तराजू उद्योगव्यवसायांकडे झुकलेला असतो. प्रत्येक सिद्धान्ताला पुष्टी देणारी उदाहरणे आपापल्या जागी होती. चारही सिद्धान्त एकाच कसोटीवर एकाच वेळी घासून पाहणे मात्र तोवर शक्य झाले नव्हते.

अभ्यासाची रचना

ही कसोटी तयार करण्यासाठी लागलेली मेहनत समजून घेणे आपल्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. १९८१ ते २००२ या काळात अमेरिकेत घेतलेल्या राष्ट्रीय जनमत चाचण्यांतून, एखाद्या प्रस्तावित धोरणबदलास आपला पाठिंबा आहे की विरोध, असे थेट विचारणारे १,७७९ प्रश्न निवडण्यात आले. उत्तरदात्यांच्या उत्पन्नाची नोंद असल्यामुळे प्रत्येक प्रश्नावर मध्यम उत्पन्नाच्या नागरिकाचे मत काय होते, आणि उत्पन्नाच्या उतरंडीत ९० व्या शतमकावर असलेल्या सधन नागरिकाचे मत काय होते, याचा अंदाज बांधता आला. त्यानंतर प्रश्न विचारला गेल्यापासून चार वर्षांच्या आत तो बदल प्रत्यक्षात झाला की नाही, हे प्रत्येक प्रस्तावाबाबत स्वतंत्रपणे तपासण्यात आले. हे काम किती किचकट असेल याची कल्पना अशा नोंदी शोधू पाहणाऱ्यालाच येऊ शकेल.

हितसंबंधी गटांसाठी 'फॉर्च्यून' नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या प्रभावशाली गटांच्या याद्या व लॉबिंगवर सर्वाधिक खर्च करणारे दहा उद्योग यांच्या आधारे ४३ गट घेण्यात आले. प्रत्येक प्रश्नावर यांपैकी किती गट बाजूने व किती विरुद्ध होते, यावरून एक निर्देशांक काढण्यात आला.

९० व्या शतमकावरील हा सधन नागरिक म्हणजे अब्जाधीश नव्हे. २०१२ च्या डॉलरमूल्यात त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे १,४६,००० डॉलर होते. म्हणजे एखादे डॉक्टर वा वकील यांचे सुस्थितीतील घर. खऱ्या अतिश्रीमंतांची मते राष्ट्रीय चाचण्यांत सापडत नाहीत, कारण नमुन्यात ते येतच नाहीत. पेज यांनी लॅरी बार्टेल्स व जेसन सीराइट यांच्यासह शिकागो परिसरातील अशा ८३ अतिश्रीमंतांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्णवेळ काम करणाऱ्याचे कुटुंब दारिद्र्यरेषेखाली जाणार नाही एवढे किमान वेतन असावे काय, या प्रश्नावर सामान्य जनतेतील ७८ टक्के लोकांनी होकार दिला होता; या मंडळींत होकार देणारे ४० टक्के होते. ८३ ही संख्या लहान आहे, हे मान्यच केले पाहिजे.

निष्कर्षांचा अर्थ

तिन्ही घटक वेगवेगळे तपासले असता प्रत्येकाचा धोरणाशी संबंध आढळतो. समाश्रयणाच्या, म्हणजे रिग्रेशनच्या रीतीने मिळालेले गुणांक असे : सामान्य नागरिक ०.६४, आर्थिक अभिजन ०.८१, हितसंबंधी गट ०.५९. येथवर डाउन्स यांचा मध्यावरील मतदार सुखरूप आहे. परंतु तिन्ही घटक एकाच समीकरणात घातले की चित्र पालटते. अभिजनांचा गुणांक ०.७६ व गटांचा ०.५६ राहतो, सामान्य नागरिकाचा मात्र ०.०३ इतका खाली येतो, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्याहून वेगळा मानता येत नाही.

येथे विद्यार्थ्यांचा, आणि क्वचित सहकाऱ्यांचाही, एक गोंधळ होतो. याचा अर्थ 'सामान्य माणसाला काहीच मिळत नाही' असा नव्हे. सामान्य नागरिकांची व सधनांची मते बहुतेक प्रश्नांवर जुळतात. दोहोंतील सहसंबंध ०.७८ आहे. त्यामुळे सामान्य नागरिकाला हवे ते पुष्कळदा मिळते, परंतु ते त्याला हवे होते म्हणून मिळाले असे आकडेवारीवरून म्हणता येत नाही. लेखकद्वयाने यास योगायोगाने लाभलेली लोकशाही म्हटले आहे. शेजाऱ्याच्या पाटाला पाणी सुटले की आपलेही शेत भिजते, म्हणून पाण्याची पाळी आपल्या हाती आहे असे कोणी समजत नाही.

हितसंबंधी गटांची बाब निराळी आहे. सर्व गटांच्या एकत्रित भूमिकेचा सामान्य नागरिकांच्या मताशी सहसंबंध अवघा ०.०४, म्हणजे जवळजवळ नाहीच. जनाधार असलेल्या संघटना वेगळ्या काढल्यास तो ०.१२ होतो, तर उद्योगव्यवसायांच्या गटांबाबत तो उणे ०.१० भरतो. बहुमताभिमुख बहुसत्तावादाला, म्हणजे गटांच्या स्पर्धेतून लोकेच्छाच पुढे सरकते या विश्वासाला, येथे फारसा आधार उरत नाही.

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. सधनांपैकी पाचांत एकाचाच पाठिंबा असलेला प्रस्ताव प्रत्यक्षात येण्याचे प्रमाण सुमारे १८ टक्के, तर पाचांत चौघांचा पाठिंबा असलेल्याचे सुमारे ४५ टक्के आढळले. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट आहे, याकडे सर्वांचे लक्ष जाते. त्यांचा दुसरा अर्थ असा की, सधनांना मनापासून हवे असलेले प्रस्तावही निम्म्याहून अधिक वेळा अडकतात, परंतु त्यांना नको असलेले प्रस्ताव पाचांत चार वेळा अडकतात. अमेरिकेची राज्यव्यवस्था मुळातच 'जैसे थे'च्या बाजूने झुकलेली आहे. दोन सभागृहे, अध्यक्षांचा नकाराधिकार, न्यायालयीन पुनर्विलोकन आणि सिनेटमध्ये चर्चा थांबविण्यासाठी लागणारी १०० पैकी ६० मते, असे अडसर एकामागोमाग एक उभे आहेत. जनतेपैकी ८० टक्के लोकांना एखादा बदल हवा असला, तरी तो सुमारे ४३ टक्के वेळाच झाला. अशा व्यवस्थेत बदल हवा असणाऱ्याला सर्व दारे उघडावी लागतात. बदल नको असणाऱ्याला एकच दार लावून धरणे पुरते. आणि एक दार लावून धरण्याचे काम पैशाला सर्वांत चांगले जमते.

आक्षेप

या अभ्यासावर गंभीर आक्षेप घेण्यात आले. ओमर बशीर व पीटर एन्स यांनी २०१५ मध्ये पद्धतीविषयी प्रश्न उपस्थित केले. समीकरणाची एकूण स्पष्टीकरणक्षमता केवळ ७.४ टक्के आहे, आणि परस्परांशी एवढा सहसंबंध असलेल्या दोन गटांचे प्रभाव वेगळे काढणे जोखमीचे आहे. सर्वांत वजनदार आक्षेप ब्रॅनम, सोरोका व व्लेझियन यांचा, २०१७ मधील. त्यांनी तीच सामग्री घेऊन दाखविले की, १,७७९ पैकी १,५९४ प्रश्नांवर मध्यमवर्ग व सधन यांचे बहुमत एकाच बाजूला होते. मतभेद उरला तो १८५ प्रश्नांवर, आणि त्यांत सधनांची सरशी ५३ टक्के, मध्यमवर्गाची ४७ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरी.

गिलेन्स यांचे उत्तर असे की, बहुमत कोणत्या बाजूला पडले एवढेच मोजल्यास मतभेदाची तीव्रता गळून पडते. दोन गटांतील अंतर मोठे असते तेथे धोरण सधनांच्या मताबरोबर हलते, इतरांच्या मताबरोबर नाही. त्यांच्या २०१२ मधील ग्रंथातही हेच आढळले होते. प्रस्तुत लेखकास दोन्ही पक्षांत तथ्य वाटते. मध्यमवर्ग अगदीच निष्प्रभ आहे, हे विधान या आक्षेपांपुढे टिकत नाही. परंतु टीकाकारांच्या विश्लेषणातही केवळ गरिबांचाच पाठिंबा असलेल्या प्रस्तावांची गत इतरांहून वाईट निघते, ही बाब वादाच्या गदारोळात मागे पडली. शिवाय हा सर्व वाद चाचण्यांत विचारल्या गेलेल्या प्रश्नांपुरता आहे. जे प्रस्ताव चाचणीच्या प्रश्नावलीपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याच बाजूने केलेला नाही.

एका कलमाची एकोणीस वर्षे

आकड्यांमागे प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो, हे एका उदाहरणावरून पाहू. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीच्या 'मेडिकेअर' या शासकीय आरोग्यविमा योजनेत औषधांचा खर्च समाविष्ट करणारा कायदा अमेरिकेत २००३ च्या अखेरीस झाला. प्रतिनिधिगृहात २२ नोव्हेंबरच्या पहाटे मतदान सुरू झाले. एरवी १५ मिनिटांत आटोपणारे हे मतदान जवळजवळ तीन तास खुले ठेवण्यात आले आणि विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. त्यातील एका कलमाने शासनाला औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाट करण्यास मनाई केली. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचे खाते अशा वाटाघाटी करीतच होते. परंतु कोट्यवधी वृद्धांसाठी औषध खरेदीचा भार उचलणाऱ्या शासनाने घासाघीस करावयाची नाही, असे कायद्यानेच ठरले. हे विधेयक तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ च्या प्रारंभी औषध कंपन्यांच्या प्रमुख संघटनेचे अध्यक्ष झाले. यात कायद्याचा भंग नव्हता.

वाटाघाटीचा अधिकार शासनास असावा, या मताला जनमत चाचण्यांत सातत्याने मोठे बहुमत मिळत आले, आणि दोन्ही पक्षांच्या मतदारांत मिळत आले. जानेवारी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मनाई उठविणारे विधेयक संमत केले. एप्रिलमध्ये सिनेटमध्ये ५५ मते बाजूने पडूनही ६० न भरल्याने ते अडले. २००९ मध्ये ओबामा प्रशासनाने आरोग्यसुधारणेस औषध उद्योगाचा विरोध होऊ नये म्हणून त्याच्याशी समझोता केला व हा विषय बाजूला पडला. २०१६ च्या प्रचारात ट्रम्प यांनीही वाटाघाटीचे आश्वासन दिले होते. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने पुन्हा विधेयक संमत केले, ते सिनेटपुढे आलेच नाही. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये, ६० मतांची अट लागू न होणाऱ्या अर्थसंकल्पीय मार्गाने, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतासह ५१ विरुद्ध ५० अशा फरकाने सिनेटने हा अधिकार दिला. तोही मर्यादित : प्रारंभी केवळ दहा औषधे, आणि त्यांच्या नव्या किमती जानेवारी २०२६ पासून.

या एकोणीस वर्षांत औषध उद्योगाला नवा कायदा करवून घ्यावा लागला तो एकदाच. पुढचे काम राखणदारीचे होते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सांगितलेले कारण येथे तंतोतंत लागू पडते : लाभ मोजक्यांना व भरघोस, भार असंख्यांना व थोडाथोडा. औषधाच्या चिठ्ठीमागे काही डॉलर अधिक मोजणारी वृद्धा राजधानीत वकील ठेवत नाही. कंपनीला तो खर्च परवडतो. अमेरिकेत संघराज्य पातळीवरील नोंदणीकृत लॉबिंगचा वार्षिक खर्च अलीकडच्या वर्षांत ४ अब्ज डॉलरहून अधिक झाला आहे. निवडणुकीतील स्वतंत्र खर्चाबाबत कंपन्यांवरील बंधने सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने उठविली, आणि २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क या एकाच व्यक्तीने २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली.

मधली दारे वगळली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ मध्ये ताशी ७.२५ डॉलर झाले व त्यानंतर दीड दशक उलटूनही काँग्रेसने ते वाढविले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडा राज्यात ते टप्प्याटप्प्याने १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. संमतीसाठी ६० टक्के मते आवश्यक होती. सुमारे ६१ टक्के पडली. त्याच दिवशी त्याच राज्याने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प यांना बहुमत दिले होते.

भारतीय संदर्भ

अमेरिकेचे गुणांक उचलून भारताला चिकटविणे अर्थातच अशास्त्रीय ठरेल. आपल्याकडील एक फरक तर मूलभूत आहे : अमेरिकेत उत्पन्न घटते तसे मतदानही घटते, भारतात गरीब व ग्रामीण मतदार शहरी सधनांच्या मागे नाहीत, १९९० च्या दशकानंतर तर पुष्कळदा पुढेच आहेत. तरीही मतदान आणि धोरण यांमधील जागेचा प्रश्न येथेही उरतोच, आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यावयाच्या देणग्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ च्या वित्त अधिनियमाने काढून टाकण्यात आली. २०१८ पासून निवडणूक रोख्यांची विक्री सुरू झाली. एक हजार रुपयांचा रोखाही उपलब्ध होता, परंतु विक्रीच्या एकूण मूल्यातील ९० टक्क्यांहून अधिक वाटा एक कोटीच्या रोख्यांचा राहिला. एकूण विक्री १६ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना व मर्यादा काढणारी दुरुस्ती, दोन्ही एकमताने घटनाबाह्य ठरविल्या. देणगीमुळे देणाऱ्याला लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोच मिळते आणि त्या पोहोचीचे रूपांतर धोरणावरील प्रभावात होते, हा त्या निकालातील युक्तिवाद गिलेन्स व पेज यांच्या निष्कर्षांशेजारी ठेवून वर्गात शिकविण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील एक प्रसंगही या चर्चेत बसतो. सप्टेंबर २००८ मध्ये रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या २२ गावांत, रिलायन्स समूहाच्या नियोजित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी काय, यावर शेतकऱ्यांचे मत जिल्हा प्रशासनाने अजमावले. हे मतदान बंधनकारक नव्हते. तरी ते घेणे भाग पडले, ते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ चाललेल्या संघटित विरोधामुळे. तो प्रकल्प त्या गावांत उभा राहिला नाही. दार लावून धरण्याची जी शक्ती एरवी पैशाकडे असते, ती येथे संघटनेने मिळविली होती. फ्लोरिडाप्रमाणे येथेही प्रश्न थेट विचारला गेला होता.

गिलेन्स यांच्या धर्तीवर भारतात अभ्यास करावयाचा तर तीन गोष्टी हव्यात : धोरणाविषयीचे नेमके प्रश्न, उत्तरदात्याच्या आर्थिक स्थितीची नोंद आणि ठरावीक मुदतीत काय झाले याचा माग. राष्ट्रीय पातळीवर हे काम मोठ्या संस्थांनाच झेपेल. परंतु तिसरी गोष्ट, म्हणजे मागितलेले झाले की नाही याचा माग, आपल्या महाविद्यालयांच्या पंचक्रोशीतच उपलब्ध आहे. ग्रामसभांचे ठराव इतिवृत्तांत लिहिलेले असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये त्यांच्या प्रती मागता येतात. एका तालुक्यातील ग्रामपंचायतींचे एका वर्षातील सर्व ठराव घ्यावेत, ठराव मांडणाऱ्याची जमीनधारणा नोंदवावी, आणि चार वर्षांनी त्यांपैकी कोणते अमलात आले व कोणते कोणाच्या टेबलावर थांबले, हे पाहावे. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी एवढा विषय पुरेसा आहे.